बिनहाताची अक्षरं

सेलूत जो भेटल तो एकच इचारतो. "दत्ता, तुझ्या हातात एवढी कला असताना तू त्या कॉम्प्युटरपुढं कामून जाऊन बसलास रे?" इचारणारा हसत असतो आन् मला राग येतो. राग मला पटकन येतो, आमच्या घरात सगळ्यांनाच येतो. मेंढरं राखणाऱ्याचं घर हाय, तिथं आवाज चढवल्याबिगर काय चालतच न्हाई. पण ह्या प्रश्नाचा राग जरा येगळा हाय. खरं उत्तर हाटेलात उभ्याउभ्या, कपबशी हातात धरून सांगता येत न्हाई. म्हणून आता बसून सांगतो. मधी कोणी बोलू नका, मला धागा लागत न्हाई मग.

मी दत्ता पेंटर. शाळेच्या दाखल्यावर दत्तराव. सेलू स्टेशनावर उतरा आन् मोंढ्याकडं, धान्याच्या बाजाराकडं, पाट्या वाचत चला. दहातल्या सात माझ्या. कापडाचं दुकान, खतं-बियाणं, दाताचा दवाखाना, पिठाची गिरणी. लग्नघराच्या भिंतीवर गणपती आन् नवरा-नवरीची नावं काढायलाबी लोक मलाच न्यायचे. पाटी झाली की उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "दत्ता पेंटर, सेलू" टाकायचं, ही आमच्या धंद्याची रीत. पण माझं नाव वाचायची कोणाला गरजच पडत न्हाई. माझा ‘र’ बगितला की कळतं. माझ्या ‘र’ची शेपटी खाली जाती आन् झटक्यात परत वर वळती, कोकराच्या शेपटीवानी. कोणी शिकवली न्हाई, आपोआप आली. माझी बायको बानूबाई म्हणती, "तुमी कुठं हरवलात तर फोटू नगं, तुमचा ‘र’ दाखवला तरी पोलीस हुडकून आणतील." ह्या ‘र’चा मला लय अभिमान होता. होता म्हणतोय, तेवढं ध्यानात ठेवा.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतरची गोष्ट. छापखानेवाले बन्सीधरशेठ. त्यांच्या लग्नपत्रिकांचे, सभेच्या कागदांचे मथळे मी काढून द्यायचो. छापायच्या शिशाच्या खिळ्यात मोठं अक्षर देखणं नसायचं, मग मी कागदावर काढायचो आन् त्याचा ब्लॉक व्हायचा. तुळशीच्या लग्नानंतर मी नेहमीसारखा गेलो, तर शेठ मान वर न करता म्हणले, "दत्तराव, आता मथळे नर्मदाबाई देतात. कॉम्प्युटरवर. मी सांगायचं आन् चहा यायच्या आत कागद तयार."

नर्मदाबाई म्हणजे टायपिंगवाल्या बाई. नवरा गेल्यावर त्यांनी टायपिंगचा वर्ग काढला आन् अर्ध्या सेलूला बोटं चालवायला शिकवली. चूक केली की पट्टी टेबलावर अशी आपटायच्या की शेजारच्या दुकानातला शिंपी सुई टोचून घ्यायचा. त्या बाईनं औरंगाबादहून कॉम्प्युटर आणला होता, हे मला ठाऊक होतं. वर्गाची नवी पाटी करा म्हणून त्या माझ्याकडं आल्या बी होत्या. मी न्हाई म्हणलो. म्हणलो, बाई, माझ्या हातानं माझ्या पोटावर पाय देणाऱ्याचं नाव लिव्हू का? त्या छत्री उचलून निघून गेल्या.

शेठच्या टेबलावर बाईंनी केलेली पत्रिका पडलेली होती. ती उचलली आन् माझं डोस्कंच फिरलं. तसाच तरातरा बाईंच्या वर्गात गेलो. चार पोरी टकटक करत होत्या, त्या थांबल्या.

"हे काय हाय, बाई?"

"लग्नपत्रिका," बाई म्हणाल्या.

"ही लग्नपत्रिका? हा दुष्काळ हाय दुष्काळ! नाव लांब होतं म्हणून तुमी दोन्हीकडनं दाबलं. आडवं दाबलं म्हणून उभ्या दांड्या वाळून गेल्या, आन् वरची रेघ जाड हाय तशीच राहिली. काडीपायाच्या माणसानं येवढाला पटका बांधलाय, असं दिसायलंय. दिसत न्हाई का तुमाला?"

बाईंनी पत्रिका डोळ्यांजवळ धरली. "नाही दिसत," त्या म्हणाल्या. "मला अक्षर शुद्ध आहे की नाही, एवढंच दिसतं. तुम्हाला दिसतंय ना? मग बसा आणि नीट करा." आन् खुर्ची मागं ओढून दिली.

आता माझी पंचाईत झाली. भांडायला गेलो होतो, आन् बाईनं भांडणच मोडून टाकलं. पोरी बगायलेल्या. उठून जावं तर पळाला म्हणतील. बसलो.

काय सांगू त्या दिवसाची फजिती. तो माऊस, म्हणजे उंदीर, माझ्या हातात राहीना. मला ब्रश धरायची सवय, रेघ ओढून झाली की मी हात वर उचलतो. उंदीर वर उचलला की पडद्यावरचा बाण मेल्यासारखा थांबायचा. बाई म्हणायच्या, "टेकवा, टेकवा." शिरोरेघ सरळ दिसंना म्हणून मी काय केलं, खिशातली खडूची दोरी काढली आन् पडद्याच्या काचेवर ताणून सपकन मारली. पांढरी रेघ उठली झकास. बाईंनी कळ दाबली, पान वर सरकलं, अक्षरं गेली वर आन् माझी रेघ राहिली खाली. मी म्हणलो, "अक्षरं हालली!" पोरी तोंडाला पदर लावून हसायल्या. मला लाज वाटली आन् राग आला. काच पुसायला मी खांद्यावरचं फडकं घेतलं. ते टर्पेंटाइनचं. बाईंची पट्टी टेबलावर असली आपटली की मी उभाच राहिलो.

"दत्तराव, हा कॉम्प्युटर आहे, दुकानाचं शटर नाही."

मी आता उद्या येत न्हाई, असं मनाशी ठरवून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट यायच्या आधीच वर्गाच्या पायरीवर जाऊन बसलो होतो. कामून, ते मलाबी कळंना. त्या दिवसांत माझं बूड कुठं टेकतच नव्हतं. घरी बसावं तर काम न्हाई, बाजारात फिरावं तर आपल्याच पाट्या आपल्याकडं बगायलेल्या. बानूबाई म्हणायची, "तुमच्या पायात काय मेंढरू शिरलंय का? जरा एका जागी बसा की." बसता येत न्हाई म्हणून तर चाललोय बाई, असं म्हणून मी निघायचो.

बाईंशी सौदा ठरला. त्यांची पाटी मी करून द्यायची, आन् त्यांनी मला दुपारचे दोन तास मशीन द्यायचं. मी कळ चुकायचो आन् त्या ओरडायच्या. त्या अक्षर दाबायच्या आन् मी ओरडायचो. पाटीवर एक वळ लिव्हली की मी पाच पावलं मागं जाऊन बगतो, ती सवय इथंबी. दोन अक्षरं झाली की उठायचं, मागं मागं जायचं. दोनदा टाइपरायटरच्या टेबलाला धडकलो. मग बाईंनीच टेबल सरकवून माझ्या मागं वाट मोकळी केली. तव्हापासनं मला त्या बाईंचा राग येईना.

महिन्याभरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आन् ती मान्य करायला मला लय जड गेली. पत्र्यावर मी एक अक्षर लिव्हलं की ते झालं. बरं-वाईट जे असंल ते. दुसऱ्या तऱ्हेनं कसं दिसलं असतं, हे मला कव्हाच कळलं नव्हतं. वीस वर्षं मी एकाच तऱ्हेनं लिव्हत आलो आन् त्याला माझी कला म्हणत आलो. इथं मी एका नावाला दहा तऱ्हेनं लिव्हून बगायचो. दांडी जाड कर, पोट बारीक कर, रेघ खाली घे. कव्हा कव्हा माझ्या हातापेक्षा चांगलं जमायचं. तव्हा जिवाला खुशीबी व्हायची आन् कुठंतरी टोचायचंबी.

आन् एक कळ होती. दाबली की केलेलं मागं जायचं. बाईंनी पयल्यांदा दाखवली तव्हा मी बगतच राहिलो. भिंतीवर चुकलं तर चुना मारावा लागतो. इथं नुस्ती कळ.

"किती मागं जाता येतं, बाई?"

"एकच पाऊल. या मशीनवर एवढंच."

त्या दिवशी माझं काम पुढं सरकंना. बाईंनी इचारलं, बरं नाही का? मी म्हणलो, उगं, डोळे दुखायलेत.

मला सोळा वर्षं मागं जायचं होतं.

अठ्ठ्याहत्तर साल. मी सव्वीस वर्षांचा. नवा नवा नावाजलेला. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आन् सगळ्या मराठवाड्यात भडका उडाला. माणिकराव म्हणून सेलूजवळच्या आमच्या मूळ गावचे बडे शेतकरी, माझं गिऱ्हाईक. ते डांबराचा डबा आन् चार माणसं घेऊन आले. म्हणले, दत्ता, सेलूत कापसाच्या जिनिंगच्या लांबड्या भिंतीवर लिव्हायचंय, आन् तुझ्याबिगर कोणाचं अक्षर तिथं शोभणार न्हाई. काय लिव्हलं ते मी आज तोंडानं काढणार न्हाई. नावाला विरोध होता आन् त्याच्याखाली शिव्या होत्या. मी भ्यालो होतो म्हणून लिव्हलं, असं मी लय वर्षं स्वतःला सांगितलं. खोटं हाय. मी खूश होतो. येवढी मोठी भिंत मला कव्हा मिळाली नव्हती. दीड हात उंच अक्षर, ओळंबा लावून. मागं जाऊन जाऊन बगत होतो. नाव तेवढं टाकलं न्हाई कोपऱ्यात. म्हणजे बगा, कळत होतं मला.

सेलूच्या बाजाराच्या दिवशी आमच्या गावच्या लोकांनी ती भिंत वाचली. चौथ्या दिवशी तिकडं गावाबाहेरची बौद्धांची वस्ती पेटवली. माणसं वाचली, घरं गेली. त्यात लिंबाजीचं घर होतं.

लिंबा आन् मी एकाच वयाचे, एकाच मास्तराच्या हाताखालचे. तो रांगेत येगळा बसायचा, पण पाटी जवळच असायची. माझ्या ‘र’ला पयल्यांदा शेपटी फुटली ती त्यानंच बगितली. "दत्त्या, तुझा ‘र’ पळून चाललाय," असं म्हणून हसला होता. पुढं तो पुस्तकाचा किडा झाला. त्याच्या घरात एक ट्रंक भरून पुस्तकं होती. ती जळाली. तो सेलूला आला, जिनिंगमधी गठाणी उचलायला लागला. म्हणजे रोज त्या भिंतीखालून. भिंतीला दोनदा चुना मारला, पण डांबर हाय ते, चुना उडला की अक्षरं वर येतात. सोळा वर्षं आमी ह्या एवढ्याशा सेलूत राहिलो आन् तो माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो नुस्ता बाजूनं निघून जायचा.

संक्रांतीला बातमी आली, विद्यापीठाला नाव मिळालं. बुद्धवाड्यात रात्रभर हलगी वाजली म्हणे. त्यानंतर सात-आठ दिवसांनी, दुपारची गोष्ट, मी मशीनपुढं बसलो होतो. पाठ दाराकडं. मागून आवाज आला आन् माझी बोटं जागच्या जागी थांबली.

"बाई, एक पाटी पाहिजे. आमच्या वस्तीत वाचनालय काढायलोय. पत्रा सात फुटी हाय, नाव लांब हाय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सार्वजनिक वाचनालय. सगळं एका वळीत."

"पाट्या मी करत नाही," बाई म्हणाल्या. "पेंटरकडे जा ना."

"न्हाई. मला मशीनची अक्षरं पाहिजेत. त्यांना कोणाचा हात न्हाई. माणसाच्या हाताची नगं."

बाईंना काय ठाऊक. त्या परभणीच्या, नंतर आलेल्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, "अहो, मग योग्य ठिकाणी आलात. आमचे दत्तराव करतील की. आता मशीनवर त्यांच्याइतकं कोणी नाही."

मला मागं वळावं लागलं. लिंबाजीच्या केसांत कापूस अडकलेला होता. त्यानं मला बगितलं. टाइपरायटरची टकटक चालूच होती, आन् मला ती माझ्या कानात कोणी ठोकायलंय असं वाटलं.

"ह्याच्या हाताची नगं," तो बाईंनाच म्हणला, "म्हणून तर इकडं आलो."

तो निघालाच होता. मी उठलो. म्हणलो, "लिंबा, हात लागणार न्हाई. मशीनच लिव्हतं. मी नुस्त्या कळा दाबतो."

तो दारात थांबला. माझ्याकडं न बगता म्हणला, "मशीनवर कोणीबी बसू दे. पण तो ‘र’ मला तिथं दिसला न्हाई पाहिजे. आंबेडकरांच्या नावात तर न्हाईच."

आन् गेला. बाई पट्टी उचलून पोरींकडं गेल्या. मी काम सुरू केलं.

नाव लांब. नुस्तं दाबलं की तोच दुष्काळ, वाळक्या दांड्या. त्यामुळं अक्षरं दाबून घ्यायची आन् मग एकेका दांडीला परत मांस चढवायचं. हे मला यायला लागलं होतं. मशीनमधी अक्षराच्या कडेला बारीक बारीक ठिपके असतात, ते धरून ओढायचे. ‘डॉ’ जमलं. ‘बाबासाहेब’ जमलं. ‘आंबेडक’पर्यंत आलो. ‘र’ दाबून पार मरतुकडा झाला होता. त्याला जरा ओढलं, जरा वळवलं, आन् उठून पाच पावलं मागं गेलो.

शेपटी वर वळलेली होती.

ब्रश न्हाई, रंग न्हाई, हातात नुस्ता प्लॅस्टिकचा उंदीर. तरी तोच ‘र’. कळ दाबली, मागं गेलो. परत केला. परत तोच. तिसऱ्यांदा शेपटी सरळ ठेवायची म्हणून दात खाऊन ओढली, तर ‘र’ काठी टेकून उभा राहिल्यासारखा दिसायला. मी टेबलावर मूठ मारली. लाईट त्याच वेळी गेली आन् दुपारचं सगळं काम पुसलं. मी अंधाऱ्या पडद्यापुढं बसून रडलो, सांगायला लाज न्हाई. बेचाळीस वर्षांचा बाप्या. बाईंनी पोरींना लवकर सोडून दिलं.

त्या रात्री बानूबाईला पयल्यांदा सगळं सांगितलं. तिला भिंत ठाऊक होती, खुशी ठाऊक नव्हती. ती म्हणली, "मग आता दुसऱ्याचा ‘र’ शिका की. तुमीच म्हणता ना, त्या मशीनमधी दहा तऱ्हेनं लिव्हता येतं?" आन् भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी ते कळलं. मशीनमधी अक्षराचा तुकडा कापता येतो आन् दुसरीकडं ठेवता येतो. ‘बाबासाहेब’मधल्या ‘सा’कडं मी किती वेळ बगत होतो कोण जाणे. ‘स’च्या पोटात ‘र’ असतोच की. लेकराला ‘स’ गिरवायला लावताना आपण ‘र’पासूनच सुरू करतो. तो मी कापून घेतला. जागच्या जागी नेऊन ठेवला. दांडीशी बांधलेली गाठ तेवढी सोडवली, बाकी हात लावला न्हाई. मागं गेलो, बगितलं. साधा ‘र’. शेपटी खाली, निवांत. साहेबांच्याच नावातनं निघालेला आन् त्यांच्याच नावाला लागलेला. वीस वर्षांत मी असा ‘र’ लिव्हू शकलो नसतो, कारण मला माझाच ‘र’ दिसायचा.

म्हणून ते हाटेलातले लोक इचारतात ना, हात असताना मशीन कामून? ह्याच्यासाठी. हातवाल्यालाच लागतं ते. हाताची खोड हाताला दिसत न्हाई.

प्रिंटरनं कर्रकर्र करत चौदा कागद काढले. ते डिंकानं जोडले, अक्षरांच्या कडेनं सुईनं भोकं पाडली. असा खाका पत्र्यावर ठेवून वरून खडूच्या भुकटीची पोटली आपटली की अक्षर जसंच्या तसं उतरतं. मग कोणीबी रंग भरावा. लिंबाजी आला. कागद फरशीवर पसरला. तो गुडघ्यावर बसून सगळं नाव बोटानं वाचत गेला, आन् ‘र’वर थांबला.

"हा कोणाचा?" त्यानं इचारलं.

"साहेबातल्या ‘सा’मधनं काढला," मी म्हणलो. "माझा न्हाई."

त्यानं ‘सा’ बगितला, परत ‘र’ बगितला. कागदाची सुरळी केली. "रंग कोण भरणार?"

"कोणीबी भरल. तुमची पोरं भरतील. भोकं पाडून दिलीत."

"पोरं घाण करतील," तो म्हणला. मग सुरळी काखेत मारून, "तूच ये."

सोळा वर्षांनी त्यानं मला तू म्हणलं. मी घरी जाऊन ब्रश तीनदा धुतले.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या, रस्त्याच्या कडेला. आन् समोर रस्त्यापलीकडं जिनिंगची ती लांबडी भिंत. हे मला ठाऊक होतं, तरी तिथं पत्र्यापुढं बसल्यावर पाठ भाजायला लागली. चुन्याखालनं माझी काळी अक्षरं दिसत होती, तुटक तुटक. वस्तीतले लोक जमले. बायका दारात उभ्या. मी खाका मारला, निळा रंग घोटला आन् भरत गेलो. ‘र’ भरताना श्वास रोखून धरला. हात शेपटीपाशी आला आन् सवयीनं वर जायला बगायला, तो मी खाली ओढून नेला. भुकटीच्या ठिपक्यांवरून, बरोबर.

दिवस कलायला लागला तव्हा काम झालं. रस्त्यावर मोंढ्यातनं परतणारे लोक थांबून बगायला लागले होते. त्यात माणिकराव होते. आता म्हातारे झालेत, पण आवाज तसाच. फटफटीवरूनच म्हणले, "दत्ता, झालं ना तुझं काम? चल निघ मग. चार घरच्या पाट्या अजून तुला लिव्हायच्यात."

मला कळलं, इथं थांबलास तर गिऱ्हाईकं तुटतील, असं ते म्हणायलेत. मी ब्रश फडक्यात गुंडाळायला लागलो. पिशवी भरली. उठलो.

"नाव?" लिंबाजी म्हणला.

"कोणाचं नाव?"

"कोपऱ्यात टाकत असतोस ना. सगळ्या पाट्यांवर."

मी म्हणलो, "राहू दे, लिंबा. तूच म्हणला होतास, हात नगं. माझं नाव इथं शोभत न्हाई."

लिंबाजी उठला. माझ्या पिशवीतनं त्यानं बारीक ब्रश काढला, निळ्यात बुडवला आन् माझ्यापुढं धरला. सगळे बगायलेले. माणिकरावांची फटफटी चालूच होती.

"तव्हा टाकलं नव्हतंस," तो म्हणला. "आता टाक. मशीनचं नगं. तुझ्या हाताचं."

मी परत पत्र्यापुढं बसलो, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात. खाका न्हाई, दोरी न्हाई. ‘दत्ता’ लिव्हलं. ‘पेंट’ लिव्हलं. मग ‘र’. हात खाली गेला आन् झटक्यात वर आला, कोकराच्या शेपटीवानी, जसा भिंतीवर आला होता तसाच. त्याच्यापुढं ‘सेलू’ लिव्हलं आन् ब्रश खाली ठेवला.

मागं फटफटी निघून गेल्याचा आवाज आला.

लिंबाजी वाकला. ओल्या रंगाला न लावता त्यानं बोट त्या ‘र’वर धरलं, आन् मान वळवून रस्त्यापलीकडच्या भिंतीकडं बगितलं.

"हाच तो," तो म्हणला. मग त्यानं पोरांना शिडी धरायला सांगितली, आन् पत्र्याचं एक टोक त्यानं उचललं, दुसरं मी.